फर्दापूरचा तळ : अजिंठ्याला गाडी कुठे लावावी?

हिवाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी दहाच्या सुमारास अजिंठ्याच्या टी-पॉइंटवर उभे राहिल्यास एक संवाद हमखास कानी पडतो. जळगाव वा धुळ्याहून आलेली एखादी मोटार थांबते, काच खाली होते आणि आतून विचारणा होते, ‘लेण्यांपर्यंत गाडी जात नाही का?’ उत्तर ठरलेले असते. गाडी येथेच लावायची, पुढचे चार किलोमीटर बसने जायचे. मग मागच्या आसनावरून एखाद्या काकांचा सूर लागतो, ‘पूर्वी तर थेट पायथ्यापर्यंत जायची!’

काकांची आठवण खरी आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत खासगी वाहने लेण्यांच्या पायथ्याशी, वाघूर नदीच्या काठापर्यंत जात असत. पुढे जपानच्या अर्थसाहाय्याने राबवलेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पात, या शतकाच्या आरंभी, ती चार किलोमीटर अलीकडे थांबवण्यात आली. पायथ्याची दुकाने टी-पॉइंटला हलवली गेली आणि मधल्या टप्प्यासाठी एसटी महामंडळाच्या बस सुरू झाल्या. तेव्हापासून ही व्यवस्था म्हणजे पर्यटकांवर लादलेला नवा जाच, अशी समजूत रूढ आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. फर्दापूरच्या आसपास वाहन सोडून पुढे जाणे ही या वाटेवरची फार जुनी रीत आहे. मधली काही दशके मोटारी पायथ्याला भिडत होत्या, तोच खरा अपवाद. धागा लांब आहे. शेवटाकडे प्रत्यक्ष सहलीच्या सूचनाही आहेत.

आधी एक शब्द पाहू. ‘पार्किंग’ला मराठीत वाहनतळ म्हणतात. यातला ‘तळ’ हा फौजेचा, काफिल्याचा, दिंडीचा तळ आहे. जनावरे सोडायची, पाणी शोधायचे, चूल मांडायची, रात्र काढायची आणि पहाटे पुढे निघायचे, एवढा सगळा व्यवहार त्या दोन अक्षरांत सामावलेला आहे. पुण्यात हडपसरचा गाडीतळ याच कुळातला. प्रवाशाला मराठीने दिलेले नावही असेच बोलके आहे : उतारू. वाहनात बसतो म्हणून त्याला नाव मिळाले नाही, वाहनातून उतरतो म्हणून मिळाले. टी-पॉइंटवर उतरायला कुरकुरणाऱ्या मंडळींनी हा शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहावा.

लेणी कोरणाऱ्यांनीही पाहुण्याने कसे यावे याचा विचार केलेला होता. आज आपण तिकीट दाखवून वर चढतो आणि एका सलग पायवाटेने क्रमाने लेणी पाहत जातो. ही सलग पायवाट अलीकडची आहे. मूळ रचनेत लेण्यांना नदीपात्रातून वर येणारे स्वतंत्र जिने होते. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले. त्याच्या प्रवेशमार्गावर दोन दगडी हत्ती आणि वळणावर आसनस्थ नागराज आजही पाहता येतात. पाहुणा नदीच्या पात्रातून चालत यायचा, हत्तींच्या मधून पायऱ्या चढायचा, नागराजासमोर वळायचा आणि मग विहाराच्या दाराशी पोहोचायचा. आजचा पर्यटक नेमका हा भाग चुकवतो आणि बाजूच्या दाराने आत शिरल्यासारखा शिरतो.

लेणी ओस पडली आणि वाट मात्र चालू राहिली. मुघल काळात दख्खनच्या कारभाराची दोन मोठी ठाणी होती, बऱ्हाणपूर आणि औरंगाबाद. खानदेशच्या सपाटीवरून निघून अजिंठ्याचा घाट चढणारी वाट या दोन शहरांना जोडत होती. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर आणि घाटमाथ्यावर अजिंठा गाव, दोन्ही ठिकाणी औरंगजेबाच्या काळात सराया उभ्या राहिल्या. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. घाट चढण्यापूर्वी बैल, उंट, घोडे यांना विसावा हवा आणि चढून आल्यावर पुन्हा हवा. दिवस मावळताना घाटात अडकणे म्हणजे वाघ आणि वाटमारे या दोघांनाही आमंत्रण. तेव्हा संध्याकाळी फर्दापुरी थांबायचे आणि उजाडल्यावर चढायला लागायचे, हे शहाणपण प्रत्येक काफिल्याजवळ असे.

सराईची रचना साधी होती. चौफेर भक्कम तट, त्याला आतून लागून ओळीने खोल्या, मध्ये मोठे मोकळे अंगण, पाण्याची सोय, नमाजाची जागा आणि रात्री बंद होणारे दरवाजे. अंगणात जनावरे आणि गाडे, खोल्यांत माणसे. आधुनिक भाषेत सांगायचे तर सुरक्षित वाहनतळ, निवास, पाणपोई आणि बाजार एकाच भिंतीत. खानदेशाला हे नवे नव्हते. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा याच प्रदेशातून जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात या मार्गाचे मुक्काम एकामागून एक नोंदवून ठेवले आहेत. त्याच्या प्रवासवर्णनात मुक्कामाच्या गावांची यादीच वाटेचा नकाशा बनते. तापीच्या खोऱ्यातील कितीतरी गावांची भरभराट कुणीतरी तेथे थांबत होते, एवढ्या एकाच कारणावर उभी होती.

आता १८०३ कडे वळू. त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. लढाईनंतर वेलस्लीने आपल्या जखमी सैनिकांचे इस्पितळ अजिंठा गावच्या तटबंदीत ठेवले होते. लेणी तेथून जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवर. तरीही पाश्चात्त्य जगाला त्यांचा पत्ता लागायला आणखी सोळा वर्षे जावी लागली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने समोरच्या कड्यावर आला आणि त्याला पलीकडच्या डोंगरात कोरीव कमान दिसली. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झाले होते. खाली खानदेशात कंपनी सरकार नुकतेच बस्तान बसवत होते.

स्मिथने लेणी ‘शोधून काढली’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. त्या कड्यावरच्या गावाचे नाव लेणापूर आहे. गावाच्या नावातच लेणे असताना शोध कुणी लावला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

स्मिथने मात्र एक गोष्ट निश्चित केली. १० क्रमांकाच्या चैत्यगृहात, एका खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. आज ती अक्षरे माणसाच्या उंचीपेक्षा बरीच वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात साचलेल्या मातीच्या ढिगावर तो उभा होता. माती उपसली गेली, नाव तेवढे उरले. अजिंठ्याच्या आधुनिक पर्यटनाचा आरंभ असा एका ओरखड्याने झालेला आहे. पुढच्या काळात डॉ. जेम्स बर्ड यांच्यासारख्या अभ्यासकाने तर चित्रांचे तुकडेच भिंतीवरून काढून घेतले. येणारा प्रत्येक माणूस येथून काहीतरी घेऊन जातो किंवा येथे काहीतरी टाकून जातो. एकोणिसाव्या शतकात ते कोरीव नाव होते, विसाव्या शतकात गाडीचा धूर.

जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ साली लेणी पाहिली आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून या चित्रांची दुरवस्था मांडली. त्यातून १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. गिलने आयुष्याची पुढची कितीतरी वर्षे या परिसरात काढली. अजिंठा गावच्या बारादरीत तो राहत असे. पारो आणि त्याची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. चित्रपट, नाटके, कादंबऱ्या यांनी ती पुरेशी सांगितली आहे, तेव्हा येथे पुन्हा नको. आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट एवढीच की गिल रोज लेण्यांच्या दाराशी गाडा उभा करत नव्हता. मुक्काम गावात, काम लेण्यांत आणि मधली वाट घोड्यावर वा पायी. त्याची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, आणि ती पाहायला जाणारे फार थोडे.

१८६०च्या दशकात जीआयपी रेल्वे खानदेशातून पुढे सरकली आणि अजिंठ्याचे दार बदलले. मुंबईचा प्रवासी आता जळगाव किंवा पाचोऱ्याला रेल्वेतून उतरू लागला. तेथून दमणी किंवा टांगा, ब्रिटिश खानदेशाची हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात प्रवेश, आणि मुक्काम फर्दापूरला. पुढे पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे झाली, जिला सारा परिसर ‘पीजे’ म्हणून ओळखतो. तिच्यावरचे पहूर स्टेशन फर्दापूरला आणखी जवळ. १९०९ ते १९११ या काळातल्या दोन हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी चित्रांच्या नकला करण्यासाठी जे पथक आणले, त्यात नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते. त्यांचाही तळ फर्दापुरातच पडला होता. आधुनिक भारतीय चित्रकलेतील एका मोठ्या वळणाला फर्दापूरच्या मुक्कामाचा असा हातभार आहे, आणि आपण त्या गावाकडे गाडी लावायची कटकट म्हणून पाहतो!

मोटार आली तेव्हा हे सारे विस्मरणात गेले. रस्ता थेट नदीपर्यंत पोहोचला, त्याच्या टोकाला गाड्या, सहलीच्या बस, त्यांच्या चालू ठेवलेल्या इंजिनांचा धूर, टपऱ्या आणि वर लेणी. १९८३ साली अजिंठा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यानंतरही काही वर्षे हेच चित्र होते.

धुराने आणि धुळीने चित्रांचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी चित्रे कशी काढली आहेत ते आधी समजून घ्यावे. युरोपातल्या भित्तिचित्रांप्रमाणे अजिंठ्यातला रंग ओल्या चुन्यात मुरलेला नाही. खडबडीत दगडावर मातीचा लेप दिलेला आहे, त्यात भाताची तुसे, गवत, वनस्पतींचे तंतू कालवलेले आहेत. वर चुन्याचा पातळ थर आणि त्या कोरड्या थरावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे चित्र म्हणून आपण जे पाहतो ते दीड हजार वर्षांच्या मातीच्या कातडीवर बसलेले आहे. ओलावा आला की ती फुगते, सुकली की सुटते. त्यातले गवत किड्यांना आवडते. १९२०च्या सुमारास निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा लेप घट्ट बसवला हे उपकारच. पण संरक्षणासाठी लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे-काळे पडले आणि ते काढण्याचे किचकट काम नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. चांगल्या हेतूने केलेल्या उपायाचीही अशी किंमत मोजावी लागते, तिथे पायथ्याशी धूर ओकत उभ्या राहिलेल्या शंभर गाड्यांचे समर्थन कोणत्या तोंडाने करायचे?

फ्रान्समधील लास्को गुहेचे उदाहरण येथे आठवते. १९४० साली सापडलेली ही प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. पाहणाऱ्यांच्या श्वासानेच चित्रे बिघडू लागली होती. आता लोक जवळच पुढे उभारलेली प्रतिकृती पाहतात. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजच्या अगदी शेजारी असलेला वाहनतळ २०१३ साली हटवून सुमारे अडीच किलोमीटर दूर नेला; पर्यटक तेथून बसने जातात. ही गोष्ट अजिंठ्याने दहा-बारा वर्षे आधी केली होती. एरवी प्रत्येक बाबतीत परदेशाचे दाखले देणारे आपण, येथे आपण पुढे होतो हे सांगायचे मात्र विसरतो.

तेव्हा गाडी टी-पॉइंटला थांबवणे योग्यच आहे. पण काकांच्या तक्रारीत एक रास्त भाग आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. सराईने माणसाला अडवले, त्याबरोबर त्याला पाणी दिले, सावली दिली, पाठ टेकायला जागा दिली. टी-पॉइंट माणसाला अडवतो, पैसे घेतो आणि रांगेत उभे करतो. एप्रिल-मे महिन्यांत या भागाचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. तान्हे मूल किंवा गुडघे दुखणारी आजी घेऊन आलेल्या कुटुंबाला बस कधी सुटेल हे कुणी सांगत नसेल, तर त्या कुटुंबाला चित्रांच्या रसायनशास्त्रावरचे व्याख्यान ऐकवण्यात अर्थ नाही. थांबवण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने थांबलेल्याची सोयही पाहिली पाहिजे.

याचे सर्वांत खेदजनक उदाहरण टी-पॉइंटच्याच परिसरात आहे. याच विकास प्रकल्पातून तेथे भव्य अभ्यागत केंद्र बांधले गेले. १, २, १६ आणि १७ या चित्रमय लेण्यांच्या प्रतिकृती त्यात उभारल्या. लास्कोप्रमाणे माणसाने गर्दी, अंधार आणि घाई यांच्याशिवाय चित्रे नीट पाहावीत, समजून घ्यावीत आणि मग मूळ लेण्यांत थोडा वेळ शांतपणे जावे, अशी ही कल्पना. २०१३ मध्ये ते सुरू झाले आणि २०१८ साली वीज-पाण्याच्या थकलेल्या बिलांमुळे त्याला टाळे लागले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कोणत्याही साध्या सराईला जे जमत होते, म्हणजे थांबलेल्या माणसाचा वेळ सत्कारणी लावणे, ते एवढ्या खर्चानंतर जमू नये, ही गोष्ट बसच्या रांगेपेक्षा कितीतरी अधिक संतापजनक आहे. तक्रार करायचीच असेल तर या टाळ्याची करावी.

आता प्रत्यक्ष सूचना. जळगावहून अजिंठा सुमारे साठ किलोमीटर, धुळ्याहून पारोळा-एरंडोल-जळगाव मार्गे सुमारे दीडशे. सर्वांत पहिली सूचना वाराची : लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि ही अदलाबदल डोक्यात ठेवून निघालेली कितीतरी कुटुंबे बंद दारावरून परतली आहेत.

दुसरी, शक्य असेल तर गाडी आणूच नका. जळगाव बसस्थानकावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसटी बस टी-पॉइंटवर उतारू सोडतात. मुंबई, नाशिक, नागपूरकडून येणाऱ्यांना जळगाव स्टेशनपर्यंत रेल्वे आहेच. म्हणजे हेरिंगहॅम यांच्या पथकाच्या काळातली वाट, फक्त दमणीच्या जागी एसटी.

गाडी आणलीच तर सकाळी लेणी उघडण्याच्या वेळेस टी-पॉइंटला पोहोचा. दुपारी बाराला येणारा माणूस बसच्या रांगेत, तिकिटाच्या रांगेत आणि चित्रमय लेण्यांच्या दाराशी असा तीनदा ताटकळतो, कारण १, २, १६ आणि १७ मध्ये एका वेळी मोजकीच माणसे आत सोडतात. परतीची शेवटची बस किती वाजता, हे जातानाच विचारून ठेवा. बसमधून उतरल्यावर चढ आहे. ज्येष्ठांसाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. त्यांच्याशी दर आधी ठरवा, पण घासाघीस करताना तो माणूस आपल्या आजोबांना खांद्यावर घेऊन चढणार आहे, हे लक्षात असू द्या. टी-पॉइंटवरचे विक्रेते मागे लागतात याचा राग येतो, ते स्वाभाविक आहे. त्यांतल्या अनेकांची दुकाने पूर्वी पायथ्याशी होती आणि आपल्या गाड्यांबरोबर तीही उठवली गेली. त्यांच्याकडचे चमकते स्फटिक याच दख्खनच्या कातळातले आहेत. जळगाव परिसरातल्या खाणींचे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. घ्यायचे नसतील तर नम्रपणे नाही म्हणा, पुढे चला.

ज्यांचे पाय चांगले आहेत आणि ज्यांच्याबरोबर गाडी चालवणारा आणखी एक जण आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी वाट. घाट चढून वर या आणि लेणापूरच्या बाजूने व्ह्यू पॉइंट गाठा. १८१९ साली स्मिथ ज्या बाजूच्या कड्यावर आला ती हीच. समोर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर सगळी लेणी एका नजरेत दिसतात, आणि ही जागा का निवडली गेली हे कोणत्याही पुस्तकाशिवाय कळते. तेथे उतरा, चालक गाडी घेऊन परत घाट उतरून टी-पॉइंटला जाईल. तुम्ही पायवाटेने नदीपर्यंत उतरा, पूल ओलांडा आणि लेण्यांत जा. पावसाळ्यात ही पायवाट निसरडी होते, तेव्हा बेताने. आणि पावसाळ्यातच सर्वांत जास्त दिसणारी एक चूक कृपया करू नका : घाटातल्या वळणावर धबधब्याचे छायाचित्र काढण्यासाठी गाडी उभी करणे. काफिले रात्री या घाटात थांबत नव्हते, त्याला कारण होते. आता वाघाच्या जागी मालवाहू ट्रक आहेत.

परतताना पुलावरून वाघूरकडे एकदा पाहा. हीच नदी पुढे खानदेशात उतरते, तिच्यावरच्या धरणाचे पाणी जळगाव शहर पिते आणि उरलेले तापीला मिळते.

मग टी-पॉइंटवरून गाडी काढून जळगावच्या दिशेने निघालात की पहिले मोठे गाव लागते ते फर्दापूर. तेथे दहा मिनिटे काढा आणि सराईची वाट विचारा. जुन्या तटाचे अवशेष गावाच्या वस्तीत मिसळून गेले आहेत; लोक त्यांच्या आडोशाने राहतात, तेव्हा कॅमेरा काढण्यापूर्वी परवानगी घ्या. गाडी रस्त्यावर आडवी लावू नका. गावात कुणालाही विचारा, ते जागा दाखवतील. तीनशे वर्षे त्यांना याची सवय आहे.